उरलेल्या नऊ पायऱ्या

सूचना मीच लिहिली होती, आणि लिहिताना माझ्या मनात काहीही वावगे नव्हते. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, जिन्यात व सामाईक जागेत ठेवलेल्या खाजगी वस्तू आठ दिवसांच्या आत काढून घ्याव्यात. अन्यथा त्या भंगारात देण्यात येतील.' खाली मानद सचिव म्हणून माझी सही आणि सोसायटीचा निळा शिक्का. आग लागली तर माणसांना बाहेर पडायला वाट हवी, हे कारण खरेच होते आणि जिन्यात सामानही कमी नव्हते. चपलांची कपाटे, हवा गेलेली सायकल, कुणाच्या तरी नातवाची तीनचाकी, माती वाळून दगड झालेल्या कुंड्या, मागच्या गणपतीचे मखर, आणि दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर, खिडकीखाली, एक लोखंडी घडीची खुर्ची. मंगल कार्यालयात पूर्वी असत तशी, करड्या रंगाची, पाठीवरची ऑइलपेंटची अक्षरे अर्धी पुसलेली. आठ दिवसांनी मी पाहणी करायला गेले, तेव्हा सायकल जागेवर होती, कपाटे जागेवर होती, मखरावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. फक्त खुर्ची नव्हती. भिंतीच्या रंगावर तिच्या पाठीने वर्षानुवर्षे घासून पडलेली एक काळसर रेघ तेवढी मागे राहिली होती.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, पुनर्विकासाच्या सभेच्या सूचनेवर सह्या घ्यायला मी संध्याकाळी वर चालले होते. त्या वळणावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. एका हाताने खिडकीचा गज धरलेला, दुसऱ्या कोपरात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती, आणि कपाळ गजांना टेकलेले. मला पाहून त्या झटकन सरळ झाल्या. "काही नाही गं, जरा हवा खाते आहे." त्यांचा श्वास मला चार पायऱ्या खालून ऐकू आला होता. मी पिशवी घेतली आणि विचारले, "काकू, ती खुर्ची तुमची होती का?" त्या म्हणाल्या, "होती. पण तू सूचना लावलीस ना, मग? नियम तो नियम." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते. मला नियमाच्या बाजूने बोलायला जागा मिळाली असती.

काकूंचे वय एक्क्याऐंशी. मी या सोसायटीत आले तेव्हा आठ वर्षांची होते, आणि त्या एकतिशीच्या.

ते साल १९७४. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ ला फुटले आणि पुराचे पाणी पेठांतून फिरून गेले, त्यानंतर पुणे हळूहळू पेठांच्या बाहेर सरकत होते. पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, पाठोपाठ आमच्यासारख्या नोकरदारांच्या सहकारी सोसायट्या. बँकेतले, विमा कंपनीतले, शाळेतले, एसटीच्या कार्यालयातले असे चोवीस सभासद, दोन इमारती, तळमजला आणि वर तीन मजले. लिफ्टचा विषय तेव्हा निघालाच नसावा. त्या काळी एवढ्या उंचीच्या इमारतीला लिफ्ट नसली तरी चालत असे, आणि सभासदांचे सरासरी वय पस्तीसच्या पुढे नव्हते. घरे चिठ्ठ्या टाकून वाटली गेली. ज्यांना तिसरा मजला लागला त्यांनी पेढे वाटले होते, हे आई नेहमी सांगत असे. वरच्या मजल्याला वारा होता, गॅलरीतून पर्वती दिसत असे, डास वर पोचत नसत. तळमजला लागलेल्यांची कीव केली जाई: धूळ, चोरीची भीती, जाणायेणाऱ्यांच्या नजरा, खिडकीखालून वाहणारे सांडपाणी. काकूंना तिसरा मजला लागला होता. आम्हाला दुसरा लागला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "मधला मार्ग." पन्नास वर्षांनी ती सोडत उलटी फिरली आहे. तळमजल्यावरच्या जोशीण आजी, वय सत्त्याऐंशी, सकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात, दूधवाल्याशी वाद घालतात, शाळेच्या रिक्षावाल्याला उशीर झाला की त्याला ऐकवतात. सगळ्या सोसायटीची खबर त्यांना असते. त्यांचे गुडघे काकूंच्या गुडघ्यांपेक्षा वाईट आहेत.

आमच्या जिन्याला प्रवेशाच्या तीन पायऱ्या, मग प्रत्येक मजल्याला नऊ आणि नऊ अशा अठरा. म्हणजे काकूंच्या दारापर्यंत सत्तावन्न. त्या संध्याकाळपर्यंत मी त्या कधी मोजल्या नव्हत्या. खुर्ची जिथे होती तिथे अठ्ठेचाळीस पायऱ्या झालेल्या असतात आणि नऊ उरलेल्या असतात. मोझेकच्या पायऱ्यांच्या कडा मधोमध झिजून किंचित खोलगट झाल्या आहेत, आणि फरशी पुसलेली असली की त्या खोलगटपणात पाणी साचून चकाकते. कठडा एकाच बाजूला आहे. चढताना तो उजव्या हाताला येतो आणि उतरताना डाव्या, आणि काकूंचा डावा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला तेव्हापासून सुटलेलाच नाही. उतरणे चढण्यापेक्षा सोपे, हा तरुणपणीचा समज. छाती चढताना त्रास देते आणि गुडघे उतरताना. वळणावर कठडा दीड हात तुटतो. तिथे पूर्वी लाकडी गोळा होता, तो कुणी तरी कधी तरी काढला. तेवढे दीड हात अंतर काकू भिंतीला पंजा लावून पार करतात. भिंतीवर तिथे, खांद्याच्या उंचीवर, एक तेलकट डाग आहे. रंगकाम काढले की कंत्राटदार तो डाग खरवडून काढतो आणि वर्षभरात तो पुन्हा उमटतो. मी तो इतकी वर्षे मुलांनी केलेला समजत होते.

याच जिन्याने २००९ च्या पावसाळ्यात बाबांना खाली नेले. रात्री अडीचला त्यांच्या अंगावरून वारे गेले. रुग्णवाहिका वेळेत आली, पण तिचा स्ट्रेचर आमच्या वळणावर वळेना. उभा केला तर माणूस घसरतो, आडवा धरला तर कठड्याला अडकतो. शेवटी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली, बाबांना तिच्यात बसवून चादरीने बांधले आणि चार मुलांनी उचलले. प्रत्येक दार उघडे होते, प्रत्येक दारात कुणी तरी झोपेतून उठून उभे होते. बाबांची जीभ जड झाली होती तरी ते काही तरी पुटपुटत होते, मी जवळ गेले तर कळले, ते म्हणत होते, "सावकाश, रंग नवीन आहे." त्या वेळी ते कार्यकारिणीवर होते. ते बरे होऊन परत आले आणि पुढची चार वर्षे दुसऱ्या मजल्यावर राहिले. छत्तीस आणि तीन, एकोणचाळीस पायऱ्या. त्या चार वर्षांत ते किती वेळा खाली उतरले हे मी बोटांवर मोजू शकते. त्यांना बाहेर पडता येत नाही, असेच आम्ही म्हणत होतो आणि डॉक्टरही तेच म्हणत होते. पण काठीच्या आधाराने ते घरात स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत दिवसातून वीस फेऱ्या मारत, आणि जमिनीवरच्या सपाट रस्त्याने ते कोपऱ्यावरच्या वाचनालयापर्यंत नक्की गेले असते. बाहेर न पडता येण्याचा दोष आम्ही त्यांच्या पायांच्या नावावर लिहिला, जिन्याच्या नाही.

जुन्या वाड्यांविषयी उमाळ्याने लिहिणाऱ्यांचा मला थोडा कंटाळा आहे, कारण माझी आजी वाड्यात म्हातारी झाली आणि मी ते पाहिले आहे. शौचकूप चौकाच्या पलीकडे होते. रात्री कंदील घेऊन, पावसात, शेवाळलेल्या फरसबंदीवरून जायचे. तिच्या खोलीत उजेड दुपारी दोन तास येई. तरीही एक गोष्ट त्या घराला कळली होती. माजघरातून माडीवर जाणारा लाकडी जिना इतका उभा होता की त्याला शिडीच म्हणावे, पण कुणा सुताराने त्याच्या वरच्या तुळईला एक जाड दोर बांधून खाली सोडला होता. हाताच्या घामाने तो दोर गुळगुळीत आणि काळा झाला होता. आजी एका हाताने दोर धरून आणि दुसऱ्या हातात दिवा घेऊन चढे. पुढे तिला चढवेना, तेव्हा तिची गादी ओसरीवर आली आणि तिचा दिवस ओट्यावर जाऊ लागला. ती रस्त्याच्या पातळीला होती. येणारा जाणारा तिच्याशी दोन शब्द बोलून जाई, आणि शेंगा सोलण्यापासून मुलांची भांडणे सोडवण्यापर्यंत तिला काम असे. घर म्हातारपणासाठी आखलेले नव्हते. पण माणूस खचला की त्याला खाली सरकायला जागा होती. आमच्या फ्लॅटमध्ये ती जागा नाही. इथे ज्याला जो मजला लागला, त्याच मजल्यावर तो म्हातारा होतो.

सहा वर्षांपूर्वी लिफ्ट बसवण्याचा घाट घातला होता, त्याची फाइल माझ्याकडेच आहे. जुन्या इमारतीला लिफ्ट जोडायची तर ती जिन्याच्या बाहेरच्या भिंतीला जोडावी लागते, आणि जिन्याची बाहेरची भिंत असते वळणावर. म्हणजे खिडकी काढायची, तिथे लिफ्टचे दार करायचे, आणि लिफ्ट मजल्यावर न थांबता दोन मजल्यांच्या मध्ये थांबणार. तिथून पुढे नऊ पायऱ्या वर किंवा नऊ खाली, ज्याच्या त्याच्या पायांनी. कंपनीच्या माणसाने हे इतक्या सहजपणे सांगितले की सभेत कुणाच्या ते चटकन लक्षात आले नाही. आले तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "पंधरा लाख खर्चून नऊ पायऱ्या शिल्लकच?" तळमजल्याच्या सभासदांनी वर्गणीला नकार दिला, कारण ते लिफ्टमध्ये पाऊल ठेवणारच नव्हते. पहिल्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराचा उजेड जाणार होता, आणि इमारतीच्या बाजूला सोडायच्या जागेचा प्रश्न निघाला. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब. नकार देणाऱ्यांचा मला राग आला होता. आज तेवढा येत नाही. सहकार हा शब्द सोसायटीच्या नावात असला तरी पन्नास वर्षांपूर्वी आम्ही एकत्र येऊन घेतले ते फक्त प्लॉट, पाण्याची टाकी आणि जिना. एकमेकांचे म्हातारपण घेतो आहोत असे कुणी कुणाला सांगितले नव्हते.

माझा चुलतभाऊ सिंगापूरला असतो. त्याला फोनवर हे सांगितले तर तो हसला. तिथल्या सरकारी वसाहतींच्या जुन्या इमारतींत लिफ्ट होत्या, पण त्या प्रत्येक मजल्यावर थांबत नसत. मधल्या मजल्यांवरच्या लोकांना एक-दोन मजले जिना होताच. मग सरकारने २००१ पासून त्या लिफ्ट सुधारून मजल्यागणिक थांबे करण्याची योजना काढली, खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलला आणि इमारतीतल्या रहिवाशांचे मतदान घेतले. न्हाणीघरात धरायचे दांडे, न घसरणारी फरशी, दाराशी छोटा उतार, हेही सरकारी मदतीने घरोघर करून मिळते. मी हे काकूंना सांगितले. त्यांनी एकच विचारले, "तिथे वर्गणीला नाही म्हणणारे नसतात का?" असतीलच. तिथेही मतदान तीन चतुर्थांशांनी जिंकावे लागत असे.

आता पुनर्विकास. या शब्दाने आमच्या भागात गेल्या काही वर्षांत सगळ्या दिवाणखान्यांचा ताबा घेतला आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतर एक्कावन्न टक्के सभासदांची संमती पुरते, आणि ते एका अर्थी बरेच झाले; एखाद्या हेकट सभासदामुळे इमारत पडायला आली तरी काही हलत नसे. बिल्डरने पडद्यावर चित्रे दाखवली. अकरा मजले, दोन लिफ्ट, गच्चीवर बाग, व्यायामशाळा, मुलांना खेळायला रबरी फरशी. चित्रांतल्या माणसांत एकही पांढऱ्या केसांचा नव्हता. आमच्या चोवीस घरांपैकी पंधरा घरांत सत्तरीच्या पुढचे कुणी तरी आहे. मी उठून विचारले की न्हाणीघराचे दार बाहेर उघडणार की आत, आणि त्याची रुंदी किती. बिल्डरचा आर्किटेक्ट तरुण होता, नम्र होता, त्याने नकाशा उलगडून पाहिला आणि म्हणाला, "आत उघडते मॅडम, सगळीकडे तसेच असते. रुंदी पाऊणशे सेंटिमीटर." आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याचेच अंग दाराला अडसर होते, मग दार तोडावे लागते. आमच्या दुसऱ्या इमारतीत असे एकदा घडले आहे. सभेत त्या घरातली मंडळी बसली होती, आणि प्रश्न ऐकून कुणीही काही बोलले नाही.

तसे पाहिले तर या गोष्टी कुणाला सुचल्या नाहीत असे नाही. केंद्र सरकारने २०१९ साली निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी नमुना मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२४ साली महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी नियम घातले: दारे नऊशे मिलिमीटर रुंद, जिन्याला दोन्ही बाजूंना कठडे, एका ओळीत बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत, एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट, न्हाणीघरात धरायला दांडे आणि दार बाहेर उघडणारे. मी टेप घेऊन आमचा जिना मोजला. बारा पायऱ्यांच्या कसोटीला तो उतरतो, बाकी एकीला नाही. पण हे नियम ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना आहेत. आमची नवी इमारत सर्वसाधारण. तिच्यात जो राहील तो कायम चाळिशीचा राहील असे गृहीत आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली दर शंभरातली जवळपास दहा माणसे साठीच्या पुढची होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत भारतात दर पाचांतले एक माणूस तसे असेल. आज जी घरे बांधली जात आहेत, त्यांत तीच माणसे राहणार आहेत, आणि दाराची चौकट पंधरा सेंटिमीटर जास्त रुंद करायला आज जेवढे पैसे पडतात त्याच्या कितीतरी पट पैसे भिंत फोडून ती रुंद करायला तेव्हा पडतील. रुंद दार तरुणाला अडवत नाही. बाळाची गाडी, फ्रिज, मोडलेला पाय, सगळे त्यातून जाते. तरी त्याला 'ज्येष्ठांची सोय' असे नाव देऊन आपण ते वेगळ्या कप्प्यात का ठेवतो, हे मला कळलेले नाही.

काकूंनी सहीसाठी कागद घेतला, चष्मा लावला, सगळा वाचला आणि परत दिला. "तीन वर्षे भाड्याच्या घरात म्हणतोय. मी परत येईन का ते सांग, मग करते सही."

त्यांच्या लेकीने न्यू जर्सीहून दुसरा मार्ग सुचवला होता, आणि गेल्या हिवाळ्यात काकूंना घेऊन तो पाहायला मीच गेले होते. शहराबाहेर, तासाभराच्या अंतरावर, ज्येष्ठांसाठी बांधलेली वसाहत. पुण्याला ही कल्पना नवीन नाही. 'अथश्री'सारखे प्रकल्प इथे बरीच वर्षे आहेत. आम्ही गेलो तिथे सगळे इतके विचारपूर्वक केलेले होते की मी प्रत्येक दाराशी थबकत होते. उंबरठा नाही. कमोडजवळ धोक्याच्या घंटेची दोरी, आणि ती फरशीपर्यंत लोंबणारी, म्हणजे पडलेल्या माणसाचाही हात पोचावा. नळ मुठीने पिळायचे नाहीत, मनगटाने ढकलायचे. दर पन्नास पावलांवर पाठ असलेले बाक. भोजनगृहात पोळ्या गरम होत्या, आणि माझ्या एका मैत्रिणीची आई इथे राहायला आल्यापासून खुलली आहे हे मी स्वतः पाहिले आहे. साठ वर्षे दोन्ही वेळा कणीक मळलेल्या बाईला कुणी ताट वाढून दिले की काय वाटते, हे आपण तिथे जाऊन बघावे. त्यामुळे अशा जागांना नाके मुरडणाऱ्यांत मी नाही. काकूही सगळे बघत होत्या, दांडे धरून पाहत होत्या, बाकावर बसून पाहत होत्या. परतताना गाडीत बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "सोय उत्तम आहे गं. पण इथे मला काकू कोण म्हणणार? सगळ्याच काकू." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आणि भाजीवाला कुठे बसतो ते दिसले नाही."

तो खर्चही काकूंना राहते घर विकल्याशिवाय झेपणारा नव्हता. निराधारांसाठी या शहरात फार जुनी सोय आहे. नव्या पेठेतली 'निवारा' ही संस्था १८६३ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुरू झाली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे गरजू ज्येष्ठांना सामावेल असा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. तो कायदा मुलांना आईवडिलांच्या पोटगीला बांधतो, घर काढून घेऊ देत नाही, आणि हे सगळे हवेच. पण काकू निराधार नाहीत. त्यांच्या नावावर पुण्याच्या चांगल्या वस्तीत दोन खोल्यांचे घर आहे, पतीच्या मागे मिळणारे निवृत्तिवेतन आहे, फोन करणारी लेक आहे. वृद्धाश्रमाच्या पंक्तीत त्या बसत नाहीत आणि महागड्या वसाहतीत परवडत नाही. त्याच २००७ साली घर तारण ठेवून म्हाताऱ्या मालकाला बँकेने दरमहा रक्कम द्यायची, अशी उलट्या कर्जाची योजनाही आली होती. मी काकूंना ती समजावून सांगू लागले तर त्यांनी हात जोडले. ज्या घराचे हप्ते फेडताना त्यांनी मंगळसूत्राच्या वाट्या गहाण टाकल्या होत्या, त्यावर पुन्हा कर्ज काढणे त्यांच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. अशी माणसे आपल्या शहरांत बहुसंख्य आहेत, आणि त्यांचे घर हीच त्यांची एकमेव योजना आहे. ती योजना तिसऱ्या मजल्यावर आहे.

त्या संध्याकाळनंतर मी काकूंच्या येण्याजाण्याकडे लक्ष ठेवू लागले, चोरून. गेल्या वर्षापर्यंत त्या दोनदा उतरत: सकाळी देवळात, संध्याकाळी भाजीला. मग एकदा. खुर्ची गेल्यानंतर दिवसाआड. गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली येऊ लागली. भाजीवाला तिच्यात माल टाकतो आणि काकू वरून भाव करतात, पण त्यात पूर्वीची मजा नाही, कारण वांगे हाताने दाबून बघता येत नाही. आल्या-गेल्यासाठी किल्ली मोज्यात घालून वरून टाकतात. एकदा मोजा गुलमोहरात अडकला, तेव्हा दुधवाल्याचा मुलगा चढून तो काढेपर्यंत सगळी सोसायटी खाली जमली आणि काकू गॅलरीत हसून हसून लाल झाल्या होत्या. त्या दिवशी त्या फार खुशीत होत्या. माणसे त्यांच्याकडे वर बघत होती, एवढेच काय ते.

खुर्ची पंपरूममध्ये सापडली. काकूंनी ती भंगारात जाऊ दिली नव्हती, रखवालदाराकडून तिथे ठेवून घेतली होती. मी ती तशीच परत वर नेऊ शकत नव्हते, कारण माझीच सूचना अजून फलकावर होती, आणि खरे सांगायचे तर वळणावर खुर्ची असू नये हे मला आजही पटते. बाबांना नेले त्या रात्री खालच्या वळणावर अशी खुर्ची असती तर अडचणच झाली असती. कार्यकारिणीत मी भिंतीला बसवायच्या घडीच्या आसनाचा विषय मांडला. उठले की ते आपोआप भिंतीला चिकटते आणि वाट मोकळी राहते. एकाने विचारले, उद्या इमारत पाडायची तर आज खर्च कशाला? मी म्हटले, पाडायला अजून दोन वर्षे तरी आहेत, आणि एक्क्याऐंशी वयाला दोन वर्षे म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. आसन, दोन इमारतींत मिळून सहा वळणांवर सहा, आणि तुटलेल्या कठड्याचा दीड हात तुकडा, असे सगळे मंजूर झाले. दुसऱ्या बाजूच्या कठड्याचे नंतर बघू, असे ठरले.

फॅब्रिकेटर रविवारी आला. पहिले आसन त्याने काकूंच्या वळणावरच लावायला घेतले, अठरा इंचांवर खुणा केल्या आणि ड्रिल चालवले. आवाज ऐकून काकू नऊ पायऱ्या उतरून खाली आल्या. त्यांनी आसनाची उंची हाताने अजमावली आणि म्हणाल्या, "दोन इंच वर घे रे बाबा. एवढ्या खाली बसले की मला उठवत नाही." तो म्हणाला, "आजी, सगळीकडे अठराच असते." त्या म्हणाल्या, "असेल." मग माझ्याकडे पाहिले. मी त्याला वीसवर लाव म्हटले. त्याने कुरकुरत पुन्हा माप घेतले, पुन्हा भोके पाडली, आणि तेव्हापासून सहाही आसने वीस इंचांवर आहेत. पहिली चार भोके त्याने व्हाइट सिमेंटने बुजवली. रंग काही जुळला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवाला खांद्यावरचा सिलिंडर खाली टेकवून तिथे बसला होता, आणि काकू वरच्या पायरीवर उभ्या राहून त्याचा दम जिरण्याची वाट पाहत होत्या.